सोलापूरहून विमानाचं तिकीट: दर ऐनवेळी का वाढतो आणि स्वस्त तिकीट कुठे सापडतं

“काय बे, रात्री बेचाळीसशे होतं की! आता पैसे भरायला गेलो तर एक्कावन्नशे दाखवतंय.” ही तक्रार घेऊन नात्यातलं, शेजारपाजारचं कुणी ना कुणी माझ्यापुढे मोबाईल धरतंच. दिवाळीच्या आधी, मे महिन्याच्या सुट्टीत आणि लग्नसराईत तर जास्तच. पोरगी बंगळुरूला नोकरीला असते, मुलगा दिल्लीत शिकत असतो, कुणाचा युनिफॉर्मचा धंदा असतो आणि माल दाखवायला परगावी जावं लागतं. सगळ्यांचा प्रश्न तोच, आणि तो एकदा सोडवला तरी पुढच्या सुट्टीत पुन्हा उभा राहतो. म्हणून नीट सगळं लिहून ठेवतोय.

आधी माझं म्हणणं सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. विमानाचा दर हा आपल्या खर्चाचा एक तुकडा आहे. पुण्यात किंवा मुंबईत राहणाऱ्याला तोच तुकडा सगळ्यात मोठा असतो. सोलापूरकराचा प्रवास मात्र विमानतळापासून सुरू होत नाही, घराच्या दारापासून सुरू होतो. रेल्वे, एसटी, टॅक्सी, मध्ये कुठे मुक्काम पडला तर तो, हे सगळं धरून जे तिकीट स्वस्त पडेल तेच खरं स्वस्त. स्क्रीनवरच्या पहिल्या आकड्यामागे धावलं की इथेच फसगत होते.

शोधताना स्वस्त, पैसे भरताना महाग

पहिल्यांदा एक गैरसमज काढून टाकू. “मी दोनदा बघितलं म्हणून साइटने दर वाढवला” असं बहुतेकांना वाटतं. मग कुणी इन्कॉग्निटो, म्हणजे आधीचा शोध लक्षात न ठेवणारी ब्राउझरची खिडकी, उघडतं, कुणी दुसऱ्याचा मोबाईल मागून घेतं. असं करायला हरकत काहीच नाही, पण त्याने दर खाली येत नाही, कारण दुखणं वेगळंच आहे.

विमानातल्या सगळ्या सीट एकाच दराच्या नसतात. एकाच रांगेत बसलेल्या तिघांनी तीन वेगवेगळे दर भरलेले असतात. कंपनी सीटांचे गट पाडते: अमुक सीट सगळ्यात स्वस्त दराच्या, त्या संपल्या की पुढचा दर, तो संपला की त्याच्या पुढचा. स्वस्त गटातली शेवटची सीट कुणी घेतली की दर एका उडीत वर जातो. हळूहळू चढत नाही. रात्री ४,२०० आणि सकाळी ५,१०० होण्याचं मुख्य कारण हेच. कधीकधी उलटही होतं. कुणी बुकिंग रद्द केलं किंवा कंपनीने स्वस्त गट पुन्हा उघडला की दर खाली येतो.

दुसरं कारण शोध-साइटचं. अनेक कंपन्यांचे दर एकत्र दाखवणारी साइट प्रत्येक वेळी विमान कंपनीला ताजं विचारत नाही. थोड्या वेळापूर्वीचा साठवलेला दर यादीत दाखवते आणि तुम्ही त्या विमानावर बोट ठेवलं की मग खरा दर विचारते. मधल्या वेळात तो गट संपलेला असला की “दर बदलला आहे” अशी चौकट येते. अशा वेळी घाईने ‘पुढे जा’ दाबू नका. तेच विमान, तीच तारीख कंपनीच्या स्वतःच्या साइटवर उघडा. तिथेही वाढलेलाच दर दिसला तर तो खरोखर वाढलाय असं समजा. तिथे जुना दर दिसत असेल तर तिथेच घ्या.

तिसरं कारण शेवटच्या पानावरचं. सुविधा शुल्क, सीटचे पैसे, विमा, कुठे देणगी, कुठे ‘जास्तीची हमी’. सुविधा शुल्क बऱ्याच ठिकाणी माणशी लागतं, आणि जाण्यायेण्याचं वेगवेगळं लागतं. म्हणजे चौघं जाऊन येणार असतील तर ते आठ वेळा भरावं लागू शकतं. त्यामुळे दोन साइटची तुलना पहिल्या पानावर करूच नका. दोन्हीकडे पैसे भरायच्या पानापर्यंत जा, तिथली एकूण रक्कम कागदावर लिहा आणि मग ठरवा. ज्या जादा सेवा तुम्ही मागितल्या नाहीत त्या आधीच टिक करून ठेवणं नियमात बसत नाही. ग्राहक व्यवहार खात्याने नोव्हेंबर २०२३ मध्ये फसव्या मांडणीविरुद्ध मार्गदर्शक सूचना काढल्या. ग्राहकाला न विचारता टोपलीत वस्तू घालणं आणि किंमत शेवटी उघड करणं, या दोन्ही गोष्टी त्यात अनुचित ठरवल्या आहेत. तरीही अशी टिक दिसतेच. दिसली की काढा, आणि स्क्रीनशॉट घेऊन ठेवा.

चौघांसाठी शोधलं की दर वाढतो

हा प्रकार फार थोड्यांना माहीत आहे आणि कुटुंबाचे पैसे सगळ्यात जास्त इथेच जातात. समजा स्वस्त गटात दोनच सीट उरल्यात, दर ४,३००. पुढच्या गटाचा दर ५,१००. तुम्ही चार जणांसाठी शोधलंत. यंत्रणा एका बुकिंगमधल्या चौघांना साधारणपणे एकाच गटात बसवते. चार सीट एकत्र ५,१०० च्या गटातच मिळतात, म्हणून चौघांनाही ५,१०० लागतात. एकूण २०,४००. तेच दोन-दोनची दोन बुकिंग केली तर दोघं ४,३०० ने, दोघं ५,१०० ने, एकूण १८,८००. विमान तेच, वेळ तीच, आणि १,६०० रुपये वाचतात.

म्हणून सवय अशी लावून घ्या: आधी एका माणसासाठी शोधा, मग दोघांसाठी, मग सगळ्यांसाठी. माणशी दर जिथे उडी मारतो तिथे गट संपलाय. लगेच, एकापाठोपाठ एक बुकिंग करा. मध्ये चहाला उठू नका.

लहान मूल बरोबर असेल तर मात्र जपून. विमान वाहतूक महासंचालनालयाने, म्हणजे डीजीसीएने, २०२४ मध्ये कंपन्यांना सांगितलं की बारा वर्षांपर्यंतच्या मुलाला आई-वडिलांपैकी किमान एकाच्या शेजारी सीट द्यायलाच हवी. पण त्यासाठी दोघं एकाच पीएनआरवर, म्हणजे एकाच बुकिंग क्रमांकावर असावे लागतात. तेव्हा तुकडे पाडताना एक मोठा माणूस आणि एक मूल अशा जोड्या करा. मुलांचं एक आणि मोठ्यांचं एक असं बुकिंग कधीच करू नका. वृद्ध आई-वडिलांनाही एकट्याने वेगळ्या पीएनआरवर टाकू नये असं माझं स्पष्ट मत आहे. विमानाची वेळ बदलली तर कंपनी प्रत्येक पीएनआरला वेगळं कळवते, आणि वेगळं विमान देऊ शकते. पाचशे रुपयांसाठी म्हाताऱ्या माणसाला परक्या विमानतळावर एकटं बसवण्यात काही अर्थ नाही.

“सोलापूरहून विमानच दाखवत नाही”

होटगी रस्त्यावरच्या आपल्या विमानतळाची वाट आपण वर्षानुवर्षं पाहिली. विमानांच्या वाटेत येणारी सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी जून २०२३ मध्ये पाडली गेली, ९ जून २०२५ ला गोव्याचं विमान सुरू झालं आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात मुंबईचं. इथे येणारी विमानं लहान आहेत, सत्तर-पंचाहत्तर सीटची. त्यामुळे स्वस्त गटातल्या सीटही मोजक्याच, आणि त्या लवकर संपतात.

शोधात विमान न दिसण्याची कारणं बहुधा साधी असतात. लहान विमान कंपन्या सगळ्याच शोध-साइटवर दिसतात असं नाही. कंपनीच्या स्वतःच्या साइटवर बघा. सोलापूरचं सांकेतिक नाव एसएसई आहे, तेच टाका. रोज विमान असेल असं धरून चालू नका, मागचा-पुढचा दिवस बघा. उन्हाळी वेळापत्रक मार्चच्या शेवटच्या रविवारी आणि हिवाळी ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी लागू होतं. त्या तारखांच्या पलीकडचं काही दिसत नसेल तर वेळापत्रक अजून उघडलेलं नसण्याची शक्यता मोठी.

गोव्याला तर हमखास गोंधळ होतो, कारण तिथे दोन विमानतळ आहेत. दक्षिणेकडे दाबोळी, उत्तरेला पेडणे तालुक्यात मोपा. आपलं विमान मोपाला उतरतं. शोधात नुसतं दाबोळी निवडलंत तर सोलापूरहून थेट विमान दिसणारच नाही, किंवा मुंबईमार्गे भलतंच महाग काहीतरी दिसेल. आणि मुक्काम मडगाव-काणकोणकडे असेल तर मोपाहून टॅक्सीचे किती होतात ते आधी विचारून घ्या. मुंबईचंही आता तसंच झालंय. नवी मुंबईचा विमानतळ २५ डिसेंबर २०२५ पासून प्रवाशांसाठी सुरू झाला. मुंबईहून पुढे जायचं असेल तर दोन्ही नावं टाकून शोधा. रात्रीच्या खासगी गाडीने जाणाऱ्याला तर पनवेलला उतरून नवी मुंबई जवळ पडतो. सायन-अंधेरीची गर्दी वाचते. सिद्धेश्वर एक्सप्रेसने जाणाऱ्याला तसं नाही, कारण ती कर्जत-कल्याणवरून जाते, पनवेलला येत नाही.

पुणे की हैदराबाद

सोलापूरकराची खरी ताकद इथे आहे, आणि आपण ती वापरतच नाही. आपण पुणे-हैदराबाद महामार्गावर मध्येच बसलोय. पुणे अडीचशे किलोमीटर, हैदराबाद तीनशेच्या जरा वर. दोन्हीकडे रेल्वे आहे, दोन्हीकडे रस्ता चांगला आहे. पुण्याच्या माणसाला हैदराबादचा दर बघून उपयोग नाही, हैदराबादच्या माणसाला पुण्याचा. आपल्याला दोन्ही दर उपयोगाचे. शिवाय पुण्याचा लोहगाव विमानतळ हवाई दलाचा, तिथे विमानांच्या वेळांना मर्यादा. हैदराबादच्या शमशाबाद विमानतळावरून विमानं जास्त, परदेशची तर कितीतरी जास्त. आपल्याकडच्या पूर्व भागातल्या तेलुगू कुटुंबांना हैदराबाद घरच्यासारखंच आहे. बाकीच्या सोलापूरकरांच्या मात्र पुणं डोक्यात पक्कं बसलंय.

हिशेब मांडून दाखवतो. आकडे समजुतीसाठी घेतलेत. तुमच्या तारखेचे तुम्ही घाला. समजा दिल्लीला जायचंय. पुण्याहून माणशी ५,२००, हैदराबादहून ४,६००. सोलापूर-पुणे रेल्वे माणशी ४००, स्टेशनवरून लोहगावला टॅक्सी ४००. हैदराबादकडे रेल्वे ४५०, तिथून शमशाबादला टॅक्सी १,२००.

एकटा माणूस: पुण्यामार्गे ५,२०० अधिक ४०० अधिक ४००, म्हणजे ६,०००. हैदराबादमार्गे ४,६०० अधिक ४५० अधिक १,२००, म्हणजे ६,२५०. विमान सहाशेने स्वस्त असूनही पुणंच परवडलं.

आता चौघं: पुण्यामार्गे २०,८०० तिकिटांचे, १,६०० रेल्वेचे, ४०० टॅक्सीचे, २२,८००. हैदराबादमार्गे १८,४००, १,८०० आणि १,२००; २१,४००. आता हैदराबाद चौदाशेने स्वस्त. टॅक्सी चौघांत वाटली गेली, विमानातली बचत मात्र चौपट झाली. पण तेच हैदराबादचं विमान पहाटे पाचचं असेल आणि आदल्या रात्री दोन हजाराची खोली घ्यावी लागली, तर पारडं पुन्हा पुण्याकडे झुकतं.

म्हणून “हैदराबाद स्वस्त का पुणं?” असं कुणी विचारलं की मी आधी विचारतो, किती जण आणि विमान किती वाजता.

जाणं आणि येणं एकाच विमानतळावरून करायला हवं असंही काही नाही. देशातल्या विमानांचे दर बहुतांशी एकेरीच ठरतात, परतीचं एकत्र काढल्याने विशेष सूट मिळतेच असं नाही. जाताना पुण्याहून स्वस्त असेल तर पुण्याहून जा, येताना हैदराबादचं स्वस्त असेल तर तिकडे उतरा. दोन्हीकडून घरी यायला गाडी आहे. परदेशी प्रवासाला मात्र परतीचं एकत्रच बघा, तिथे हिशेब वेगळा असतो.

वाटेतल्या काही गोष्टी. एसटीने पुण्याला जात असाल तर स्वारगेटपर्यंत जाऊ नका. हडपसरला उतरा, तिथून मुंढवा-खराडीमार्गे विमाननगर गाठता येतं. स्वारगेटला जाऊन उलटं यायचं म्हणजे वेळ आणि रिक्षाभाडं दोन्ही वाया. हैदराबादला स्वतःच्या गाडीने जाणाऱ्यांनी पाटणचेरूजवळ बाहेरचा रिंग रोड धरला की शहरात न शिरता थेट शमशाबाद येतं. रेल्वेने जाणाऱ्यांनी आपली गाडी लिंगमपल्लीला थांबते का ते बघावं. थांबत असेल तर तिथेच उतरणं बरं. सिकंदराबादपर्यंत गेलात तर विमानतळ आणखी लांब पडतो.

आणि एक इशारा, कळकळीने. वेटिंगच्या रेल्वे तिकिटाच्या भरवशावर स्वस्त विमान घेऊ नका. ऑनलाइन काढलेलं वेटिंग तिकीट चार्ट लागेपर्यंत पक्कं झालं नाही तर आपोआप रद्द होतं, आणि मग रात्री दहाला पाच-सहा हजाराची गाडी ठरवून पुणं गाठावं लागतं. रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. विमानाची तारीख ठरली की कॅलेंडरवर रेल्वेची ती तारीख लगेच मांडून ठेवा. सणाच्या दिवसांत हुतात्मा आणि सिद्धेश्वर लवकर भरतात. वंदे भारतला जागा मिळून जाते पण भाडं जास्त, तेही हिशेबात धरा.

मुंबईला विमान बदलायचं असेल तर

सोलापूर-मुंबई एका कंपनीचं आणि मुंबईहून पुढे दुसऱ्या कंपनीचं, अशी दोन वेगळी तिकिटं जोडली की बेरीज कधीकधी फार छान दिसते. पण दोन पीएनआर म्हणजे दोन वेगळे करार. पहिलं विमान उशिरा पोचलं आणि दुसरं सुटलं, तर दुसऱ्या कंपनीच्या दृष्टीने तुम्ही आलाच नाहीत. ती दुसरं विमान देत नाही. बॅगही पुढे आपोआप जात नाही. मुंबईत बाहेर येऊन पट्ट्यावरून उचलायची, पुन्हा जमा करायची, सुरक्षा तपासणी पुन्हा. दोन्ही विमानांची टर्मिनलं वेगळी असतील तर रस्त्याने जावं लागतं, आणि दुसरं विमान नवी मुंबईचं असेल तर शहर ओलांडावं लागतं.

लहान मार्गावर एक विमान रद्द झालं की लगेच दुसरं नसतं. तेव्हा अशी जोडणी करायचीच असेल तर मध्ये निदान पाच-सहा तास ठेवा, आणि परीक्षा, मुलाखत, परदेशचं विमान असं काही असेल तर करूच नका. त्यापेक्षा आदल्या रात्री सिद्धेश्वरने निघा. एकाच पीएनआरवर पूर्ण प्रवास मिळत असेल तर थोडं महाग असलं तरी तेच घ्या, कारण मग पुढे पोचवण्याची जबाबदारी कंपनीची.

बॅगेचं वजन, सीट आणि इतर जोड

सोलापूरकर रिकाम्या हाताने जात नाही. चादरी, टॉवेल, शेंगा चटणी, कडक भाकरी, आणि लेकीकडे निघालेल्या आईच्या बॅगेत तर याशिवाय डबे. देशातल्या विमानात सर्वसाधारणपणे १५ किलो जमा करायच्या बॅगेला आणि ७ किलो हातातल्या बॅगेला चालतं. पण सगळ्यात स्वस्त दिसणाऱ्या काही दरांत जमा करायची बॅग धरलेलीच नसते, आणि लहान विमानांत मर्यादा कमीही असू शकते. तिकिटाच्या दराखाली बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. हे न बघता घेतलं आणि काउंटरवर बॅग जमा करायला गेलं की तिथला किलोचा दर ऐकून घाम फुटतो. जादा वजन लागणार असेल तर घरूनच, ऑनलाइन घ्या. काउंटरपेक्षा स्वस्त पडतं.

घरातल्या वजनकाट्यावर बॅग कशी मोजायची, तर आधी स्वतः उभं राहायचं, मग बॅग घेऊन उभं राहायचं, आणि वजाबाकी करायची. चादरी जड असतात. दोन डबल चादरी घातल्या की बॅगेत फारसं काही उरत नाही. शेंगा चटणी जमा करायच्या बॅगेत ठेवा, कारण तिखटाची पूड हातातल्या सामानात चालत नाही आणि तपासणीत चटणीवरून वाद होऊ शकतो. तुळजापूर-अक्कलकोटहून आणलेल्या सुक्या खोबऱ्याच्या वाट्या मात्र घरीच ठेवा. सुकं खोबरं ज्वलनशील धरतात आणि ते बॅगेतून काढायला लावतात.

सीट निवडायचे पैसे द्यायलाच हवेत असं नाही. ऑनलाइन चेक-इनच्या वेळी पडदा असा मांडलेला असतो की सगळ्याच सीटला पैसे आहेत असं वाटतं. ‘सीट नको’ किंवा ‘वगळा’ असं कोपऱ्यात कुठेतरी असतं, ते शोधा. सीट कंपनी देतेच. विमानतळावर बोर्डिंग पास देण्यासाठी वेगळे पैसे घेऊ नयेत, असं नागरी विमान वाहतूक मंत्रालयाने जुलै २०२२ मध्ये कंपन्यांना बजावलंय.

ज्येष्ठ नागरिक, विद्यार्थी आणि सैन्यातली माणसं यांच्यासाठी काही कंपन्यांकडे वेगळे दर असतात. विद्यार्थ्यांना जादा वजनही मिळतं. ते शोधतानाच निवडावं लागतं, नंतर मागून मिळत नाही. ओळखपत्र मूळ हवं. आणि सवलतीचा दर नेहमीच्या दराशी ताडून बघा, कारण कधीकधी साधाच दर कमी असतो.

कधी काढायचं

“मंगळवारी रात्री बारानंतर स्वस्त मिळतं” असल्या गोष्टींवर वेळ घालवू नका. कोणत्या दिवशी बुक करता यापेक्षा कोणत्या दिवशी उडता याला महत्त्व. शुक्रवार संध्याकाळ आणि रविवार रात्र पुणे, हैदराबाद, बंगळुरू या तिन्ही ठिकाणी नोकरदारांची असते. मंगळवार, बुधवार, शनिवारची दुपार बघा. साध्या दिवसांसाठी महिना-दीड महिना आधी घेतलं तर बहुतेकदा बरा दर मिळतो. दिवाळी आणि मे महिन्यासाठी तीन महिने आधीपासून नजर ठेवा. गूगल फ्लाइट्स किंवा स्कायस्कॅनरवर पुणे आणि हैदराबाद दोन्हीसाठी दराची सूचना लावून ठेवा, म्हणजे रोज बघत बसावं लागत नाही. मनात एक आकडा धरा. त्या आकड्याला दर आला की घ्या आणि नंतर पुन्हा बघू नका.

पैसे गेले, तिकीट आलं नाही

यूपीआयने पैसे कापले गेले, स्क्रीन गोल गोल फिरत राहिला आणि तिकीट काही आलं नाही. अशा वेळी माणूस घाबरून लगेच दुसऱ्यांदा पैसे भरतो आणि दोन तिकिटं होऊन बसतात. थांबा. आधी ईमेल आणि मेसेज बघा, मग साइटवर ‘माझी बुकिंग’ उघडा. पीएनआर आला असेल तर तो विमान कंपनीच्या साइटवर टाकून खात्री करा. पीएनआर नसेल तर व्यवहार क्रमांकाचा स्क्रीनशॉट घ्या. फसलेल्या अशा व्यवहाराचे पैसे पाच दिवसांत खात्यावर परत यायला हवेत, आणि उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई, असा रिझर्व्ह बँकेचा २०१९ चा नियम आहे. बँकेला लिहिताना त्याचा उल्लेख करा.

कंपनीचा फोन नंबर सर्च करून पहिला दिसेल तो लावू नका. परतावा देतो म्हणून मोबाईलमध्ये ॲप टाकायला लावणारे आणि खातं रिकामं करणारे तिथेच बसलेले असतात. नंबर फक्त कंपनीच्या साइटवरून किंवा तिकिटावरून घ्या. फसवणूक झालीच तर त्याच मिनिटाला १९३० वर फोन करा. जितका लवकर कराल तितके पैसे अडवले जाण्याची शक्यता जास्त.

नाव चुकलं असेल, म्हणजे आडनाव राहिलं किंवा स्पेलिंग चुकलं, तर कंपनीच्या साइटवरून काढलेल्या तिकिटात २४ तासांच्या आत कळवल्यास दुरुस्ती फुकट करून मिळते. बुकिंग होताच आधार कार्ड शेजारी ठेवून एकेक अक्षर ताडून बघा, म्हणजे ती मुदत हातची जाणार नाही. प्रवासाची तारीख पुरेशी लांब असेल तर बुकिंगनंतर ठरावीक तासांत विनाशुल्क रद्दही करता येतं. किती तास ते बुकिंगच्या अटींत लिहिलेलं असतं.

आणि रद्द करायची वेळ आलीच, तर “नॉन-रिफंडेबल आहे, काही मिळत नाही” एवढं ऐकून सोडून देऊ नका. रद्द करण्याचं शुल्क मूळ भाडं आणि इंधन अधिभार यांच्या बेरजेपेक्षा जास्त घेता येत नाही, आणि विमानतळाची शुल्कं व सरकारी कर हे सगळ्या प्रकारच्या तिकिटांवर परत द्यावे लागतात. विमानाला पोचूच शकला नाहीत तरी. स्वस्त तिकिटात हा भाग बऱ्यापैकी मोठा असतो, आणि चौघांचा मिळून तर नक्कीच मागण्यासारखा. तो आपोआप येईल म्हणून वाट बघू नका. पीएनआर टाकून कंपनीच्या साइटवर परताव्याचा अर्ज करा. एजंटाकडून किंवा शोध-साइटवरून काढलं असेल तर पैसे त्यांच्यामार्फत येतात, आणि तिथेच बहुधा अडकतात. लेखी मागा, ईमेलवर मागा. दाद लागली नाही तर मंत्रालयाच्या एअरसेवा पोर्टलवर तक्रार नोंदवा, किंवा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ ला फोन करा. फोन करताना पीएनआर, पैसे भरल्याची पावती आणि कंपनीशी झालेल्या ईमेलच्या तारखा समोर ठेवा; पहिल्याच फोनला हे तिन्ही विचारतात.